नारीस्थानचा कारभार आणि आमची अर्जदार बाई

गेल्या वर्षी एका साहित्यिक मेळाव्यात मी रुकय्या सखावत हुसेन यांच्या 'सुलतानाज ड्रीम' या कथेवर पंधरा मिनिटे बोलले. बोलणे संपल्यावर एक ज्येष्ठ लेखक जवळ आले. त्यांनी कौतुक केले आणि जाता जाता म्हणाले, "कथा गमतीदार आहे, बेटा. पण तू तिला राज्यव्यवस्था वगैरे म्हणालीस ते जरा जास्त झाले. बायकांनी पुरुषांवर घेतलेला काल्पनिक सूड, एवढेच ते. त्यात राजकारण शोधू नये." त्यांना तिथेच उत्तर द्यायला हवे होते. वयाचा मान राखून मी गप्प बसले. ते उत्तर आज देते आहे. ते एकट्या त्यांना नाही, आपणा सगळ्या लिहिणाऱ्यांना आहे.

ज्यांनी कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रुकय्याबेगमांचा जन्म १८८० चा, रंगपूर जिल्ह्यातल्या पैराबंद गावचा. तो भाग आज बांगलादेशात आहे. घर जमीनदाराचे आणि परदा कडक. बंगाली त्या थोरल्या बहिणीकडून, करीमुन्निसांकडून शिकल्या. इंग्रजी शिकवले थोरले भाऊ इब्राहीम साबिर यांनी, तेही रात्री घर झोपल्यावर. पती सय्यद सखावत हुसेन भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. ते दौऱ्यावर गेले असताना बेगमांनी ही कथा इंग्रजीत लिहिली. परत आल्यावर त्यांनी ती उभ्या उभ्या वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे, असा शेरा दिला. १९०५ साली ती मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली, १९०८ साली पुस्तकरूपाने निघाली. पुढे बेगमांनी ती स्वतःच बंगालीत आणली. तिथे त्या देशाचे नाव 'नारीस्थान' आहे. म्हणजे 'सूड' हा शब्द आमच्या ज्येष्ठांच्या शंभर वर्षे आधी बेगमांच्या नवऱ्याने वापरला होता. फरक एवढाच, की त्या नवऱ्याने तो कौतुकाने वापरला आणि मुलींच्या शाळेसाठी पैसे बाजूला काढून ठेवले.

कथा छोटी आहे. सुलताना नावाची बाई आरामखुर्चीत पडून हिंदुस्थानातल्या बायकांच्या हालांचा विचार करता करता डुलकी घेते आणि सिस्टर सारा नावाच्या मैत्रिणीबरोबर एका देशात पोचते. तिथे रस्त्यावर, प्रयोगशाळेत, दरबारात बायका आहेत. पुरुष घरात आहेत, आणि त्यांच्या राहण्याच्या जागेला जनाना नव्हे, 'मर्दाना' म्हणतात. बहुतेक वाचक इथेच हसतात आणि पुस्तक मिटतात. माझे म्हणणे असे, की हसून झाल्यावर पुढे वाचा. त्या देशाचा कारभार कसा चालतो ते बघा.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत तारीख आणि शहरियत शिकवते. आठवीच्या वर्गात फळ्यावर तीन चौकोन काढावे लागतात: मुकन्निना, आमिला, अदलिया. मराठीत कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. कोणतेही राज्य समजून घ्यायचे तर हे तीन चौकोन काढावेत आणि प्रत्येकात कोण बसले आहे ते लिहावे. नारीस्थानालाही हीच कसोटी लावू.

पहिले कार्यकारी मंडळ. नारीस्थानची प्रमुख राणी आहे. ती तेरा वर्षांची असताना गादीवर आली आणि नावापुरतीच राणी होती. खरा कारभार वजीर-ए-आझम, म्हणजे पंतप्रधान, बघत होता. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा थबकले. नामधारी राणी आणि तिच्या नावाने राज्य हाकणारा पुरुष! आमच्याकडे ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत हे रोज दिसते. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना निम्म्या जागा दिल्या. आमच्या मोहल्ल्यांतूनही बायका निवडून येतात. पण बैठकीला कोण जातो? फोन कोण उचलतो? 'सरपंचपती' आणि 'नगरसेवकपती' हे शब्द मराठीला कोणत्या शब्दकोशाने दिले नाहीत, आपण दिले आहेत. रुकय्याबेगमांचे नारीस्थान आकाशातून पडलेले नाही. ते बरोबर इथूनच, नामधारी बाईपासूनच सुरू होते.

मग त्या नामधारी राणीने काय केले? वजिराला कैद केले नाही, की फौज बंडाला उठवली नाही. तिने एक हुकूम काढला: देशातल्या सगळ्या बायका शिकल्या पाहिजेत. सरकारी खर्चाने मुलींच्या शाळा निघाल्या. त्याबरोबर दुसरा हुकूम: एकवीस वर्षांच्या आत कुणा मुलीचे लग्न होणार नाही. १९०५ साली एका परद्यातल्या बाईने हे कलम लिहिले. आपल्या देशात आज मुलीच्या लग्नाचे किमान वय अठरा आहे. ते एकवीस करण्याचे विधेयक २०२१ साली लोकसभेत आले, तिथून संसदीय समितीकडे गेले आणि २०२४ साली ती लोकसभा बरखास्त झाल्यावर बारगळले. ते विधेयक बरोबर की चूक यावर दोन मते असू शकतात. पण गमतीची गोष्ट म्हणून जी मिटून ठेवली, तिच्यातल्या एका कलमावर देशाची संसद ११६ वर्षांनी चर्चेला बसते, तेव्हा त्यात राजकारण नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आता शाळांच्या पुढे काय झाले ते पाहू. राजधानीत बायकांची दोन विद्यापीठे उभी राहिली. एकाने ढगांतून, हवेतून पाणी खाली आणायची युक्ती काढली. दुष्काळ आणि अतिवृष्टी दोन्ही संपली. दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवायचे यंत्र केले. चुलीचा धूर गेला. त्याच काळात त्या देशातले पुरुष फौज वाढवत होते, आणि बायकांच्या प्रयोगांना भावनेच्या भरातले खूळ म्हणून हसत होते.

मग लढाई आली. तिचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. शेजारच्या देशातून काही राजकीय गुन्हेगार आसऱ्याला आले. तिथल्या राजाने त्यांना परत मागितले. राणीने नकार दिला, कारण आसऱ्याला आलेल्याला हाकलणे तिच्या तत्त्वात बसत नव्हते. हे वाचताना कुणा मुसलमान वाचकाला हबशाच्या नजाशीची आठवण येणार नाही? कुरैशांचे दूत नजराणे घेऊन आले आणि मक्केहून गेलेले मुहाजिर परत मागू लागले, तेव्हा त्या ख्रिस्ती बादशहाने त्यांना सोपवले नव्हते. ज्यांना ही कथा पश्चिमेची नक्कल वाटते त्यांनी हे पान पुन्हा वाचावे. रुकय्याबेगमांनी राज्याचे परराष्ट्र धोरण आपल्याच सीरतच्या पुस्तकांतल्या गोष्टीवर बसवले आहे.

लढाईत फौज हरते. सोळा वर्षांच्या पोरांपर्यंत सगळे लढायला जातात आणि शत्रू राजधानीपासून पंचवीस मैलांवर येतो. तेव्हा राणी जाणत्या बायकांची सभा बोलावते. इथे दुसरा चौकोन, कायदेमंडळाचा नाही तरी सल्लामसलतीचा, भरतो. त्या सभेत मतभेद होतात. कुणी म्हणते आपणही लढू, कुणी म्हणते तलवार-बंदूक आपल्याला चालवता येत नाही. राणी म्हणते, अंगात बळ नसेल तर अक्कल चालवा. शेवटी दुसऱ्या विद्यापीठाची प्रिन्सिपल एक योजना मांडते. पुरुषांनी आत जावे, अशी तिची अट असते. ती मान्य होते, आणि दोन हजार विद्यार्थिनी साठवलेले ऊन शत्रूवर सोडतात. लढाई संपते, आणि त्यानंतर त्या देशात फौज उभी केल्याचा उल्लेखच येत नाही.

"ज्या कौमने आपला कारभार बाईच्या हाती दिला ती फलाह पावणार नाही," या अर्थाची हदीस अशा चर्चेत हटकून पुढे केली जाते. तिच्या सनदीवर आणि संदर्भावर आलिमांनी बोलावे. तो माझा अधिकार नाही. पण कुराणातल्या सत्ताविसाव्या सूरहमध्ये, सूरह नम्लमध्ये, सबाच्या राणीची जी हकिकत आहे ती तर मलाही वाचता येते. ती राणी सुलेमान अलैहिस्सलाम यांचे पत्र आल्यावर आपल्या सरदारांना विचारते. सरदार म्हणतात, आमच्यात ताकद आहे, हुकूम तुमचा. ती लढाईने वस्त्या उद्ध्वस्त होतात हे ओळखते आणि आधी नजराणा पाठवते. मशवरा, विचार, आणि लढाई टाळणे. रुकय्याबेगमांच्या राणीची सभा मला त्या दरबाराची लेक वाटते.

आता सरकारी नोकर. पुरुष मर्दान्यात गेल्यावर काही दिवसांनी पोलीस कमिशनर आणि जिल्हा मॅजिस्ट्रेट राणीला अर्ज करतात: फौजेचे अधिकारी चुकले असतील, आम्ही तर कर्तव्यात कसूर केलेली नाही, आम्हाला आमच्या जागा परत द्याव्यात. राणी परिपत्रक काढते: गरज पडली तर बोलावणे येईल. तोवर आत राहा. ज्यांना ही करमणूक वाटते त्यांनी लक्षात घ्यावे, की बेगम एका डेप्युटी मॅजिस्ट्रेटच्या घरात राहत होत्या. अर्ज कसा लिहितात, त्याला सरकारातून कसे थंड उत्तर येते, 'गरज पडल्यास कळवू' याचा अर्थ काय होतो, हे सगळे त्यांनी घरच्या फायलींत पाहिले असणार. त्यांनी फक्त अर्जदार आणि अधिकारी यांच्या खुर्च्या बदलल्या.

याच कार्यालयाचा आणखी एक हिशेब कथेत आहे. नारीस्थानच्या बायका दोन तास काम करतात, कारण पुरुष सात तास ऑफिसात बसत तेव्हा त्यांतले सहा तास चिरूट ओढण्यात जात. कोणत्याही सरकारी कचेरीच्या बाकावर ताटकळलेल्या माणसाला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

उरले न्यायमंडळ. नारीस्थानचा धर्म प्रेम आणि सत्य. मोठा गुन्हा एकच, खोटे बोलणे. त्याला फाशी नाही. खोटे बोलणाऱ्याला देश सोडावा लागतो, आणि मनापासून पश्चात्ताप केला तर माफीही मिळते. व्यापाराचे धोरणही ठरलेले आहे: दुसऱ्या देशांशी व्यापाराला राणीची हरकत नाही, पण ज्या देशात बायका कोंडून ठेवल्या आहेत तिथल्या बायका व्यापाराला येऊच शकत नाहीत, आणि पुरुषांशी त्यांना व्यवहार करायचा नाही. म्हणजे गृह, शिक्षण, संशोधन, संरक्षण, परराष्ट्र, व्यापार, न्याय, सगळी खाती आहेत. सूड म्हणून लिहिणारी बाई पुरुषांना कोंडून थांबली असती. त्यांना कोंडल्यावर पाणी, ऊन, चूल, शाळा आणि शेजारचा राजा यांचे काय करायचे, याचा विचार जी करते ती सूड घेत नसते, राज्य मांडत असते.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. ही कथा मी आठवीच्या मुलींना उर्दूतून सांगितली तेव्हा एकीने विचारले, "आपा, इसमें व्होटिंग कहाँ है?" प्रश्न अगदी बरोबर होता. नारीस्थानात निवडणूक नाही. कायदा राणीच्या हुकमाने होतो. कोर्टाचा पत्ता नाही. आणि निम्मी प्रजा चार भिंतींत आहे, तिला तोंड नाही. फळ्यावरचे तीन चौकोन काढले तर एकात राणी, एकात राणीची सभा, आणि तिसरा रिकामा. आपल्या संविधानापुढे ही व्यवस्था उभी राहू शकत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. १९०५ साली खुद्द इंग्लंडमध्ये पार्लमेंटसाठी एकाही बाईला मत नव्हते. ते १९१८ साली मिळाले, तेही तीस वर्षांवरच्या बायकांना. मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क १९२१ साली मिळाला, तोही थोड्याच जणींना. ज्या मतपेटीजवळ जगातल्या बहुतेक बायकांना उभे राहू दिले जात नव्हते, ती बेगमांच्या स्वप्नात नाही, याचा दोष एकट्या त्यांना कसा द्यायचा?

आणि दुसरी गोष्ट. निम्म्या प्रजेला तोंड नाही, हे वाचून तुमच्या मनाला टोचले ना? टोचायलाच हवे. अन्याय आहे तो. पण मग तेच चित्र उलट करून आपल्या मोहल्ल्यात बघा. जमातीची बैठक, मशिदीचा ट्रस्ट, शिक्षणसंस्थेचे कार्यकारी मंडळ, शादीखान्याची कमिटी. किती बायका? ज्या शाळेत निम्म्याहून जास्त शिक्षिका आहेत, तिच्या संस्थेच्या सर्वसाधारण सभेत एकही बाई बसलेली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. नारीस्थानच्या मर्दान्यावर हसणारे याच सभेतून उठून आले होते.

आता मी माझ्या खऱ्या तक्रारीकडे येते. ती मौलवीसाहेबांविषयी नाही, संस्थाचालकांविषयीही नाही. ती आपणा लेखकांविषयी आहे.

आपल्या मुस्लिम मराठी लेखनात बाई भरपूर आहे. पण ती काय करते? रडते, मार खाते, तलाक घेऊन माहेरी येते, मेहेरसाठी काझीकडे जाते, पोटगीसाठी कोर्टात जाते, रेशनकार्डासाठी तहसीलच्या पायरीवर बसते. ती सगळीकडे अर्ज घेऊन उभी आहे. हे दुःख खरे आहे, मी नाकारत नाही. ते लिहायला हिंमत लागली, तेही खरे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायकांनी मुंबईत मोर्चा काढला तेव्हा तोंडी तलाकाबद्दल बोलणेच गुन्हा होता. त्या सातजणींचे ऋण आपल्यावर आहे. पण त्याला आता जवळपास साठ वर्षे झाली. शाहबानो खटल्याचा निकाल १९८५ सालचा, तोंडी तलाक रद्द करणारा निकाल २०१७ सालचा. दोन्ही घटनापीठांवर पाच-पाच न्यायाधीश होते आणि दोन्हींत बाई एकही नव्हती. कायदेही झाले, १९८६ चा आणि २०१९ चा. बाई दर वेळी समोर उभी होती, अर्ज हातात घेऊन. आत बसून निर्णय लिहिणारी बाई आपल्या कथेतही नाही आणि कवितेतही नाही. साठ वर्षांत आपल्या लेखकांच्या कल्पनेला एक मुस्लिम तहसीलदारीण सुचू नये?

सुचायला आधार नव्हता, असे म्हणता येणार नाही. फळ्यावरचे तेच तीन चौकोन घ्या. कायदा करणारी? भारताच्या संविधान सभेत बसलेली एकमेव मुस्लिम स्त्री, बेगम कुदसिया ऐजाझ रसूल. कारभार करणारी? १९८० साली आसामच्या मुख्यमंत्री झालेल्या अन्वरा तैमूर. न्याय देणारी? १९८९ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या फातिमा बीवी. आणि त्या नुसत्या पहिल्या मुस्लिम स्त्री न्यायाधीश नव्हत्या, त्या न्यायालयातल्या एकूण पहिल्या स्त्री न्यायाधीश होत्या. तिन्ही चौकोन भरले. 'सुलतानाज ड्रीम' छापून आली त्या १९०५ साली भोपाळच्या गादीवर सुलतान जहाँ बेगम होत्या, आणि त्यांच्या आधीच्या तीन पिढ्यांतही तिथे बेगमांनीच राज्य केले होते. पुढे १९२० साली त्याच सुलतान जहाँ बेगम अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. आणि आपल्या महाराष्ट्राचेच बोलायचे तर आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगरच्या किल्ल्यात चांदबीबीने मुघल फौज अडवली त्याला सव्वाचारशे वर्षे झाली.

ही नावे माझ्या वर्गातल्या मुलींना विचारली. चांदबीबी काहीजणींना माहीत होती. बाकी कुणी नाही. त्याच मुलींना मी सांगितले होते, की आपापल्या कल्पनेतला एक देश काढा, त्याचे नाव ठेवा आणि त्याचे मंत्रिमंडळ लिहा. वह्या तपासल्या. देशांची नावे एकाहून एक सुंदर होती. पण जवळजवळ सगळ्या वह्यांत वजीर-ए-आझम पुरुष होता, गृहमंत्री पुरुष, अर्थमंत्री पुरुष. बाई कुठे असेलच तर आरोग्य किंवा शिक्षण. कल्पनेतल्या देशातसुद्धा! तिथे तर कुणाचा बाप, भाऊ, मामू अडवायला येणार नव्हता. मी त्या मुलींना रागावले नाही. त्यांनी जे वाचले आणि जे पाहिले तेच काढले. वाचायला दिले कुणी? आपण.

लोकसभेत १९५२ पासून आजवर गेलेल्या मुस्लिम स्त्रियांची संख्या वीसही होत नाही. त्याला पक्ष जबाबदार आहेत, समाज जबाबदार आहे, पैसा आणि मतांचे गणित जबाबदार आहे. संसद आणि विधानसभांत बायकांना एक तृतीयांश जागा देणारी १०६वी घटनादुरुस्ती २०२३ साली मंजूर झाली, तीसुद्धा जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांची अट घालून. हे सगळे खरे. पण जी गोष्ट एका समाजाच्या वाङ्मयातही नाही, ती त्याच्या संसदेत येईल अशी अपेक्षा कशी करायची? साहित्यिक कायदा करत नाही, तिकीट वाटत नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट आहे, जे अजून नाही ते डोळ्यांसमोर उभे करणे. तेवढे काम रुकय्याबेगमांनी पंचवीस वर्षांच्या वयात, परक्या भाषेत, परद्याच्या आत बसून केले. आपण मोकळ्या हवेत, आपल्या मराठीत, व्यासपीठावर हार घालून घेत ते केले नाही.

"स्वप्नाने काय होते?" असेही विचारले जाते. या बाईचे पुढे काय झाले ते पाहा. १९०९ साली पती वारले. त्याच वर्षी त्यांनी भागलपूरला मुलींची शाळा काढली, पाच मुलींवर. घरच्या भांडणात भागलपूर सोडावे लागले. १९११ साली कलकत्त्यात पुन्हा काढली, आठ मुलींवर. सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूल. आणि ती शाळा उर्दू माध्यमाची होती! बंगालीत लिहिणाऱ्या बाईने उर्दू शाळा चालवली, कारण कलकत्त्याची खानदानी मुसलमान घरे मुलींना उर्दूतच शिकवायला तयार होती. घरोघर जाऊन त्यांनी मुली मागितल्या. मुलींना आणायला परदा लावलेली गाडी केली. ती इतकी बंदिस्त केली की आतल्या मुली गुदमरून बेशुद्ध पडू लागल्या. परदा थोडा सैल केला तर तो वाऱ्याने उडतो म्हणून तक्रारीची पत्रे आली. १९०५ साली कथेत हवेत उडणारी गाडी लिहिणाऱ्या बाईला पुढे या गाडीच्या परद्याचा हिशेब द्यावा लागला. तरी त्यांनी शाळा बंद केली नाही. १९३२ साली ९ डिसेंबरला त्या गेल्या, पण ती शाळा कोलकात्यात आजही चालू आहे, सरकारी शाळा म्हणून.

मला या गोष्टीत फार मोठा धडा दिसतो. नारीस्थानच्या राणीकडे फौज नव्हती, खजिना वजिराच्या हातात होता, सही करण्यापुरता अधिकार होता. तिने तो एकाच कागदावर वापरला, शाळेच्या. बेगमांच्या हातातही तेवढेच होते, आणि त्यांनीही तेच केले. कथेत आणि आयुष्यात एकच कलम आधी येते: आधी शाळा, मग बाकीचे राज्य. आमच्या नामधारी नगरसेविकांना, सरपंचांना, संस्थेच्या यादीत नावापुरत्या असलेल्या सदस्यांना मी एवढेच म्हणते, नवऱ्याशी भांडू नका, पण एक कागद स्वतः वाचून स्वतःच्या सहीने काढा. उर्दू शाळेत मुलींसाठी शौचालय, दहावीनंतर जायला बस, वाचनालय, जे जमेल ते.

आणि लेखकांना काय म्हणू? मेळाव्यात भेटलेल्या त्या ज्येष्ठांना मी आता सांगते. चाचा, तुमच्या कथांवर मी वाढले आहे. तुमची जुबेदा, तुमची हलीमा वाचून मी रात्रभर रडले आहे. पण रडून झाल्यावर मला विचारायचे होते, की हलीमाला सरपंच का करत नाही तुम्ही? तिला चुका करू द्या, लाच नाकारू द्या किंवा घेऊही द्या, सभा चालवू द्या, पाडू द्या. तिला एकदा अर्जाच्या पलीकडच्या बाजूला, टेबलामागे बसवा. मग ती काय निर्णय देते ते आम्ही वाचू. तुम्हाला जमणार नसेल तर आम्ही लिहू. फक्त मग त्याला गंमत म्हणू नका.

ज्या मुलीने मतदान कुठे आहे असे विचारले होते, तिला मी सांगितले, की बेगमांचा नकाशा अपुरा आहे, तू पुरा कर. दोन दिवसांनी तिने वही आणून दाखवली. राणी खोडून सदर-ए-जम्हूरिया केले होते, सभेच्या जागी पार्लमेंट, तिसऱ्या चौकोनात सुप्रीम कोर्ट. मर्दान्याचे दार उघडे ठेवले होते आणि बाहेर मतदान केंद्र काढले होते. रांग दोन होत्या, एक पुरुषांची, एक बायकांची. गृहमंत्र्याच्या जागी तिने स्वतःचे नाव लिहिले होते. मी विचारले, गृहखातेच का? ती म्हणाली, "पुलिस उसी के पास होती है ना, आपा."

मी त्या पानावर सही केली आणि वही परत दिली.